लेव्हल पाइपाची दोन टोकं

एकाच घरात राहणारी दोन माणसं एकाच घरात राहतात, हा समज दुरुस्ती काढेपर्यंतच टिकतो. आमच्या जळगावच्या घरात काय काय करायचं याची यादी करायला बसलो, तेव्हा ह्यांनी एक कागद घेतला आणि मी दुसरा. ह्यांच्या कागदावरचं घर गळत होतं. जिन्याच्या डोक्यावर ओल, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल, गच्चीवर तळं, पन्हाळाचं तोंड बुजलेलं. माझ्या कागदावरच्या घरात पावसाचा थेंबही नव्हता. तिथे बारा महिने मे महिना होता. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री पंखा लावला की ती सगळी दुपार वरून अंगावर येते, हे पहिलं कलम. मागच्या भिंतीला लोणा लागून पोपडे सुटलेत, हे दुसरं. आणि स्वयंपाकघरातली फळी उजवीकडे उतरते, त्यामुळे तेलाची बरणी आपणहून प्रवासाला निघते, हे तिसरं. फळीचा उल्लेख ह्यांच्या कागदावर नव्हता. फळी ह्यांनी लावलेली आहे.

उन्हाळ्यात गवंडी मिळत नाही. एप्रिल लागला की जळगावातल्या प्रत्येक घराला आपली गच्ची आठवते, आणि मृगाच्या आधी सगळ्यांनाच ती नीट करून हवी असते. जो एक जण आला, त्याने गच्चीवर उभं राहून टाचेने दोन ठिकाणी टकटक केलं आणि सगळं उखडावं लागेल असं सांगितलं. गच्चीवर टाचेने टकटक करून याहून वेगळं निदान केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. त्याने सांगितलेला आकडा ऐकून हे जिना उतरले ते थेट मोबाइल घेऊन बसले. पुण्याहून मुलीने आधीच एक व्हिडिओ पाठवून ठेवला होता. त्यात एक जोडपं हसत हसत आपलं घर आपणच रंगवत होतं. दोघांच्या अंगात सारखे डगले, तिच्या गालावर रंगाचा एकच देखणा ठिपका. घाम कुणालाच नव्हता. त्यांच्या गावी एप्रिल येत नसावा.

"आपण करू की," हे म्हणाले. या वाक्यातला 'आपण' कोण, हे लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला विचारावं लागत नाही.

मी धुळ्याची आणि हे जळगावचे. इंग्रज सरकारने १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, ते कारभाराच्या सोयीसाठी असं पुस्तकात वाचलं होतं. लग्नानंतर मला इतरही कारणं सुचू लागली. धुळ्याचं नवं गाव कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये आखलं. रस्ते सरळ, गल्ल्या समांतर, आणि त्या गल्ल्या आजही नंबराने ओळखायच्या. वसायला येणाऱ्यांना त्याने घरासाठी जागा बिनभाड्याने दिली आणि बांधायला वर उचल दिली. कर्ज काढून घर बांधायचं आणि भिंत मात्र ओळंब्यात ठेवायची, हे त्यामुळे आमच्या गावाच्या अंगात मुरलेलं आहे. जुन्या जळगावच्या बोळांत वाढलेल्या माणसाचं तसं नसतं. बोळ वळला की तोही वळतो, फळी उतरली की बरणी डावीकडे सरकवून ठेवतो. दोन्ही पद्धतींनी तेल शाबूत राहतं, हे मला मान्य आहे. पण डोळ्यांना त्रास होतो त्याचं काय?

तसं पाहिलं तर नवरा-बायकोने मिळून छत दुरुस्त करणं ही खानदेशात काही नवी हौस नव्हे. माझ्या आजोळी, धुळ्याजवळच्या कापडण्याला, धाब्याचं घर होतं. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यांवर निंबाचा पाला, मग माती, आणि सगळ्यांत वर खारीचा थर. खारी म्हणजे खारवट पांढरी माती. ती भिजली की तिच्यातल्या भेगा आपोआप मिटतात, आणि खारटपणामुळे तिच्यात गवत धरत नाही. दरसाल मृगाच्या आधी आजोबा बैलगाडीतून खारी आणायचे आणि टोपलं टोपलं करून धाब्यावर पसरायचे. आजी खाली घरात उभी. वर आजोबा कुठे आहेत हे तिला बरोबर कळायचं, कारण ते जिथे पाय देतील तिथून खाली माती झरायची. त्या झरणाऱ्या मातीवरून ती हुकूम सोडायची, "तठे नई, अठे!" गेल्या पावसात कुठल्या जागी पातेलं ठेवावं लागलं होतं, हे तिच्या लक्षात असायचं. आजोबांच्या लक्षात असायची फक्त गाडीची खेप. छताचा नकाशा आजीकडे आणि छत आजोबांच्या पायाखाली, अशी ती वाटणी होती. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं काम करून पाहिलं असतं तर घर बसलं असतं.

मग सिमेंटचा स्लॅब आला आणि नवरा-बायको छतावरून खाली उतरले. पुढे वर जायचं ते पापड वाळवायला, नाही तर दिवे गेलेल्या रात्री झोपायला. छताचं काय ते गवंड्याने बघायचं. दोन पिढ्या अशा आरामात गेल्या. आमच्या बाबांना घमेलं हे भांडं फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर पाहून माहीत होतं. त्यामुळे आता आम्ही दोघं पुन्हा वर चढतो तेव्हा बघणाऱ्याला ते नवं वाटतं आणि त्याला इंग्रजी नाव द्यावंसं वाटतं.

ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून जे सामान आणलं, त्यात एक पारदर्शक नळी होती. बोटाएवढी जाड, चांगली लांब. गवंडी हिला लेव्हल पाइप म्हणतात. तिच्यात पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं वर धरायची. मध्ये नळी कितीही लोळो, वेटोळी होवो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. एका टोकाच्या माणसाने पहिल्या खुणेशी पाणी जुळवायचं, दुसऱ्याने पलीकडच्या कठड्यावर खूण करायची. स्पिरिट लेव्हल एकट्याने वापरता येते, हल्ली मोबाइलमध्येही असते. लेव्हल पाइपाला मात्र दोन माणसं लागतात, आणि तीही एकमेकांशी बोलत असलेली.

"तुझं पाणी कुठंय?"

"होतं तिथेच."

"मग माझं खाली कसं गेलं?"

"तुम्ही नळी वर उचललीत."

"मी हललोसुद्धा नाही."

"तुम्ही हललात की माझं पाणी हलतं. मला इथून दिसतं ते."

"तुझ्याकडे बुडबुडा असेल."

बुडबुडा हा या सगळ्या विद्येचा शत्रू. नळीत कुठेही हवा अडकली की दोन्ही टोकं खोटं बोलू लागतात, आणि दोन्ही टोकांच्या माणसांना आपलंच टोक खरं वाटतं. तो शोधायला नळी हळूहळू उचलत, टिचक्या मारत एका टोकाकडून दुसऱ्याकडे जावं लागतं. बुडबुडा माझ्या बाजूला सापडला की ह्यांच्या? या प्रश्नावर आमच्या घरात अजून निकाल लागलेला नाही, आणि हा लेख माझा असला तरी मी तो इथे लावून घेणार नाही.

नळी धरून उभी असताना मी ह्यांना विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितली. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच आमच्या धुळे भागात आले. साक्री तालुक्यात दातर्तीला, पांझरेच्या पात्रात, त्यांनी पाइपांचा सायफन बसवला. पाणी एका काठाला उतरवायचं, नदीखालून न्यायचं आणि पलीकडच्या काठाला पुन्हा वर आणायचं. तत्त्व हेच, आपल्या नळीतलं. पुढे कृष्णराजसागर, भारतरत्न, सगळं झालं, पण हात बसला तो आमच्या पांझरेवर.

"असेल," हे म्हणाले. "त्यांच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला बायको उभी नव्हती."

अखेर कठड्यावर चारही बाजूंनी खुणा झाल्या, त्यांना दोरी लावली आणि दोरीपासून खाली टेप सोडून गच्ची मोजली. ज्या पाण्याला आम्ही इतके पावसाळे नावं ठेवत होतो, ते बिचारं नियमाने वागत होतं. ढाळच जिन्याकडे होता. पन्हाळ उंचावर आणि जिना खाली, म्हटल्यावर पाणी आणखी कुठे जाणार? ते उताराच्या वाटेने घरात येत होतं. घर बांधताना या गच्चीवर अशी नळी कुणीतरी एकट्यानेच धरलेली असणार, असा माझा कयास आहे.

मग जिन्याजवळचा खोलगट भाग खरवडून, भेगा व्ही आकारात मोकळ्या करून, त्यात सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंगचं रसायन कालवून भरलं, आणि पन्हाळाच्या दिशेने नवा ढाळ काढला. हे मी एका वाक्यात लिहिलं, कारण त्या कामात सांगण्यासारखं काही नाही. थापी, घमेलं, कंबर. एवढंच सांगते की जळगावच्या उन्हात ओलं सिमेंट सेट व्हायच्या आत सुकतं, आणि सुकलं की तडकतं. म्हणून काम उजाडायच्या आधी नाही तर दिवस मावळल्यावर, आणि वर सतत ओलं गोणपाट. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी आधी गच्ची आंघोळ करायची, मग आम्ही.

खरं रणकंदन पुढे होतं, आणि ते चुन्यावरून झालं.

छताला चुना द्यायचा हे माझं कलम. पांढरं छत ऊन परतवतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरी ह्यांच्यासाठी मी तेही तयार ठेवलं होतं. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला. पुढे त्याच शहरात वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याची मोहीम झाली. न्यूयॉर्कनेही २००९ पासून छतं पांढरी करायला घेतली. "न्यूयॉर्कला कसला उन्हाळा," असं हे म्हणाले. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या गावात राहिलं की जगातल्या इतर उन्हाळ्यांबद्दल माणसाला थोडी तुच्छता येते. पण चुना मंजूर झाला.

अडचण अशी की चैत्र-वैशाखात खानदेशातली गच्ची रिकामी नसते. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, सगळं वर वाळतं. ओल्या चुन्यावर साडी अंथरून बिबडे घालता येत नाहीत, आणि बिबड्यांच्या शेजारी कुंचा झटकता येत नाही. हे म्हणाले, "यंदा बिबडे विकत आणू." ह्यांच्या आईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, खाटेवरूनच असं काही पाहिलं की ते वाक्य ह्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. शेवटी १९०६ चा मार्ग काढला. मधोमध खडूची रेघ मारून गच्चीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. आधी पूर्वेला चुना आणि पश्चिमेला बिबडे, मग उलट. सीमेवर राखणीला सासूबाईंनी शेजारची दोन पोरं बसवली. त्यांना मजुरी म्हणून ओले बिबडे मिळत होते, त्यामुळे पश्चिम खानदेशाचं उत्पन्न यंदा बरंच घटलं.

चुना मात्र डबाबंद नाही आणला. कळीचा आणला. कळीच्या चुन्याचे खडे पत्र्याच्या पिंपात घालून त्यावर पाणी ओतलं की ते खदखदू लागतं. खाली जाळ नाही, काही नाही, आणि वाफेचे लोट. ते डोळ्यांत गेलं तर कायमचं नुकसान, म्हणून दोघांनी गॉगल लावले. हे मोटारसायकलचा, मी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा. गल्लीने हे ध्यान पाहिलं. चुना लावण्यावरचा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने एकेकदा केला. दूधवाल्याने दोनदा केला. तेव्हा मी करत नाही.

चुना रात्रभर मुरायला ठेवावा लागतो. त्या रात्री पिंपाशेजारी बसून ह्यांनी मोबाइलवर एक शोध लावला. असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही पाठ असते. त्यामुळे खोपा बांधते ती सुगरण बाई, हे आम्ही गृहीत धरलेलं. "साफ चूक," हे म्हणाले. "घर नर बांधतो. विहिरीवरच्या बाभळीला लटकून एकटा विणतो बिचारा. अर्धा झाला की मादी नुसती बघायला येते. पसंत पडला तर राहते, नाही तर उडून जाते. सालिम अलींनी १९३० साली किहीमला बसून पाहिलंय हे." पुरुषांवरच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अन्यायाला वाचा फुटल्याचं समाधान ह्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी म्हटलं, "मग बरोबरच आहे. तपासायला कुणीतरी हवंच की."

दुसऱ्या दिवशी मी तेच पान उघडून खालपर्यंत वाचलं. पहिलीला घर पसंत पडलं, तिने अंडी घातली, की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. सालिम अलींनी हेही तिथेच बसून पाहिलं होतं. हा भाग ह्यांनी का गाळला असं विचारलं, तर म्हणाले की बॅटरी संपली होती.

चुन्यात थोडी नीळ, थोडं पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल घालून पहिला हात दिला आणि हे हबकले. कुंचा फिरवला तिथे गच्ची पांढरी होण्याऐवजी नुसती ओली दिसत होती. "पाणी जास्त झालं," हे म्हणाले. "अजून चुना घाल." मी घातला नाही. कळीचा चुना ओला असताना दिसत नाही. सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो, आणि तेव्हा कुठे तो पांढरा पडतो. घट्ट दिला तर पापुद्रे सुटतात. पातळ द्यायचा आणि खाली निघून यायचं, हे मी माहेरी दिवाळीच्या आधी दरवर्षी पाहिलेलं. पण हे खाली यायला तयार होईनात. कुंचा धरून उकिडवे बसून राहिले, गच्चीकडे बघत. रंग तिकडे बघून येत नाही हे त्यांना कोण सांगणार? सकाळी वर गेलो तर डोळे उघडवत नव्हते. मोतीबिंदूचा चष्मा मी जिन्यातूनच परत जाऊन आणला.

रात्री पंख्याची हवा भाजेनाशी झाली. किती अंशांचा फरक पडला ते मी मोजलं नाही. ह्यांनी मोजलं, पण मोजताना थर्मामीटर कूलरसमोर धरला होता, म्हणून तो आकडा देत नाही. मागच्या भिंतीचा लोणा खरवडून काढला आणि तिथेही चुनाच दिला. तैलरंग देऊन ओल आत कोंडली की ती पोपडे घेऊन बाहेर पडते. चुन्यातून भिंत श्वास घेते, लोणा हळूहळू येतो तेवढा झाडून टाकायचा. घराला दम्यासारखे काही आजार असायचेच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी आली. आल्या आल्या तिने गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढला आणि आम्हाला कुंचे हातात धरून हसायला सांगितलं. आम्ही हसलो. काम तेव्हा संपलेलं होतं, म्हणून हसता आलं. त्या दुसऱ्या जोडप्याचंही तसंच असणार, आधी रंगवून घेतलं असणार. सांजोऱ्या झाल्या, रस झाला, झोक्यावर बसणं झालं. मुलीने तो व्हिडिओ मामाला धुळ्याला पाठवला.

मृग लागला तेव्हा पन्हाळातून पाणी अंगणात पडलं आणि जिना कोरडा राहिला. हे छत्री घेऊन अंगणात उभे राहून ते बघत होते. जाणाऱ्या येणाऱ्याला वर बोट करून दाखवत होते. स्वयंपाकघरातली फळी तेवढी राहिली आहे. तिच्यासाठी लेव्हल पाइप घरात आणावा असं मी सुचवलं, तेव्हा फळी सरळच आहे, बरणीचं बूड घसरडं आहे, असं मला सांगण्यात आलं.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. धुळ्याच्या देवपुरातली त्यांची गच्चीही गळायला लागली होती. "ताई, दाजी मोकळे आहेत का?" मी म्हटलं, दाजी मोकळे आहेत, पण नुसते दाजी येऊन उपयोग नाही, त्या नळीला दोन टोकं असतात. मागून वहिनी म्हणाली, "नळी तेवढी द्या पाठवून. माणसं आहेत आमच्याकडे." जळगाव-धुळे एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे नळीचं वेटोळं दिलं. पारोळ्यापर्यंत तिच्यावर कुणीतरी केळ्यांची पाटी ठेवली होती असं नंतर कळलं.

संध्याकाळी पुन्हा फोन. पलीकडे पाऊस, वारा आणि भावाचा चिडका आवाज.

"ताई, ही नळी खराब आहे. हिचं पाणी सारखं हलतंय."

आणि त्याच्या मागून, गच्चीच्या पार पलीकडच्या टोकावरून, वहिनी ओरडत होती, "नळीला काय झालंय? आधी तुम्ही एका जागी उभे राहा!"